ऑफिसच्या फाइली सिंक आणि शेअर करताना: नागपुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीताबर्डी आणि धरमपेठेतली सीए ऑफिसं, रामदासपेठेतले दवाखाने, इतवारीतले ठोक व्यापारी, हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीतले कारखाने, सिव्हिल लाइन्समधले वकील. या सगळ्यांकडे आम्ही फाइल सिंकची व्यवस्था बसवतो आणि सांभाळतो. धंदे वेगळे असले तरी फोनवर येणारे प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. वेळ कमी असेल तर निदान ३ आणि ५ वाचाच.

१. फाइल सिंक म्हणजे नेमकं काय होतं?

तुमच्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर असतं. त्यात ठेवलेली, बदललेली किंवा काढलेली प्रत्येक फाइल तशीच्या तशी दुसऱ्या कॉम्प्युटरवर, फोनवर आणि बहुधा मधल्या एका सर्व्हरवर पोचते. नेट नसेल तर बदल थांबून राहतात आणि नेट आलं की निघतात. शेअरिंग म्हणजे त्यातलं एखादं फोल्डर किंवा एखादी फाइल ठरावीक माणसाला, ठरावीक हक्कांसह उघडून देणं. दोन्ही कामं एकाच सॉफ्टवेअरमध्ये होतात, पण धोके वेगवेगळे आहेत. सिंकचे ३ मध्ये आहेत, शेअरिंगचे ८ मध्ये.

२. व्हॉट्सॲपवर आणि पेन ड्राइव्हवर काम चालूनच राहिलं आहे, मग हे वेगळं कशाला?

कारण अडचण आली की "शेवटची फाइल कुणाकडे आहे?" याचं उत्तर सापडत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेलं कोटेशन चार फोनमध्ये चार वेळा उतरतं. त्यातलं एक दुरुस्त होतं आणि पार्टीला मात्र जुनं जातं. शिवाय ते फोन कर्मचाऱ्यांचे असतात. तो माणूस उद्या दुसऱ्या दुकानात लागला तरी तुमचे दर त्याच्या गॅलरीत राहतात. पेन ड्राइव्ह हरवला तर तो कुणाला सापडला हेही कळत नाही. दोन माणसांच्या ऑफिसात एवढं निभतं. तिसरा माणूस आला की निभत नाही.

३. सिंक चालू आहे म्हणजे बॅकअप झालाच ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

सिंकचं काम प्रामाणिकपणे नक्कल करणं आहे. तुम्ही चुकून फोल्डर डिलीट केलं तर ते सगळीकडून डिलीट होतं. रॅन्समवेअरनं, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं, एका कॉम्प्युटरवरच्या फाइली कुलूपबंद केल्या तर त्या कुलूपबंद फाइलीच इमानेइतबारे सगळ्यांकडे पोचतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर पसरलं तेव्हा जगभरातल्या ऑफिसांना याची ओळख झाली. तरी आजही आम्हाला दर काही महिन्यांनी असा एक फोन येतो, आणि समोरचा माणूस पहिल्यांदा हेच म्हणतो, "पण आमचं तर सिंक होतं."

रिसायकल बिन आणि जुन्या आवृत्त्या मदत करतात, पण त्यांना मुदत असते. गुगल ड्राइव्हची कचरापेटी ३० दिवसांनी आपोआप रिकामी होते. वनड्राइव्हच्या ऑफिस योजनेत डिलीट केलेली फाइल साधारण ९३ दिवस परत आणता येते. मार्चमध्ये उडालेलं फोल्डर ऑडिटच्या वेळी सप्टेंबरमध्ये आठवलं, तर दोन्हींचा उपयोग नाही.

म्हणून जुना नियम पाळा: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक ऑफिसच्या बाहेर. सिंकची सगळी मिळून एकच प्रत धरा. दुसरी रोज रात्री घेतलेला वेगळा बॅकअप. तिसरी अशा जागी, जिथे सिंकचा हात पोचत नाही: काढून घरी नेलेली हार्ड डिस्क, किंवा ठरावीक काळ कुणालाच पुसता येणार नाही असा क्लाउडमधला बॅकअप.

ऑफिसच्या बाहेर हा शब्द नागपूरकरांना वेगळा समजवायला नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्राबाहेर आली आणि सीताबर्डीच्या आसपासच्या खोलगट भागात तळमजले आणि बेसमेंट पाण्यात गेले. कॉम्प्युटर आणि त्याच टेबलाच्या खणात ठेवलेली बॅकअपची हार्ड डिस्क, दोन्ही एकाच पाण्यात भिजतात.

एक काम तीन महिन्यांतून एकदा कराच: बॅकअपमधून पाच फाइली परत काढून उघडून बघा. जो बॅकअप कधी उघडून पाहिला नाही, त्याचा भरवसा धरू नका.

४. मग सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

तीन वाटा आहेत.

पहिली, तयार क्लाउड: मायक्रोसॉफ्टचं वनड्राइव्ह आणि शेअरपॉइंट, गुगल वर्कस्पेस, ड्रॉपबॉक्स, झोहो वर्कड्राइव्ह. दर माणशी दर महिना भाडं, सांभाळणं त्यांच्याकडे.

दुसरी, स्वतःचा सर्व्हर: नेक्स्टक्लाउड, ओनक्लाउड, सीफाइल. ओनक्लाउड २०१० मध्ये सुरू झालं आणि त्याच्या मूळ कर्त्यानं २०१६ मध्ये वेगळं होऊन नेक्स्टक्लाउड काढलं, म्हणून दोन्ही दिसायला सारखी वाटतात. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सांभाळण्याचा खर्च मात्र तुमचा. तो किती, ते १२ मध्ये आहे.

तिसरी, मध्ये सर्व्हरच नको: सिंकथिंग. दोन कॉम्प्युटर एकमेकांशी थेट आणि एन्क्रिप्ट करून (म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं करून) बोलतात. बुटीबोरीचा कारखाना आणि धंतोलीचं ऑफिस एवढंच जोडायचं असेल तर हे फार उपयोगी. पण दोन्ही मशीन एकाच वेळी चालू लागतात आणि बाहेरच्याला लिंक पाठवण्याची सोय यात नाही.

आमचं मत विचाराल तर दहा-पंधरा माणसांपर्यंतच्या ऑफिसनं पहिली वाट घ्यावी. ऑफिसात कॉम्प्युटरकडे रोज बघणारा पगारी माणूस असेल तरच दुसरी.

५. माझ्या जीमेलवरच ड्राइव्ह आहे, सगळ्यांना तीच शेअर केली आहे. एवढ्यावर भागेल का?

आज भागेल. अडचण येईल ती फाइलच्या मालकीची. फुकट खात्यात ज्यानं फाइल बनवली तो तिचा मालक. अकाउंटंटनं स्वतःच्या जीमेलवरून शीट बनवून तुम्हाला शेअर केली, तर तुमच्या धंद्याचा हिशेब त्याच्या नावावर आहे. तो रागानं गेला आणि त्यानं खातं बंद केलं, तर ती शीट तुमच्याकडून नाहीशी होते.

ऑफिसच्या योजनेत खाती तुमच्या डोमेनवर, म्हणजे फर्मच्या नावाच्या इंटरनेट पत्त्यावर, असतात आणि फोल्डर फर्मच्या मालकीचं ठेवता येतं. गुगलमध्ये शेअर्ड ड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टमध्ये शेअरपॉइंट, नेक्स्टक्लाउडमध्ये टीम फोल्डर. सॉफ्टवेअर निवडण्याआधी कागदावर लिहून काढा: कोणतं फोल्डर, त्याचा मालक कोण, कुणाला फक्त वाचायचं आहे, कुणाला बदलायचं. हा कागद अर्ध्या तासात होतो. तो केला नाही तर कितीही महाग सॉफ्टवेअर घ्या, घोळ तोच राहतो.

६. डेटा भारताबाहेर गेला तर कायदा आडवा येतो का?

तुम्ही कोण आहात यावर ते ठरतं.

प्रायव्हेट लिमिटेड किंवा पब्लिक कंपनी असाल तर इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो. आधी हा बॅकअप ठरावीक अंतरानं चालत असे. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनं तो रोजचा झाला. हा नियम कंपनी कायद्याखालचा आहे, त्यामुळे प्रोप्रायटरी दुकानाला किंवा साध्या भागीदारीला तो लागत नाही. जीएसटीची कागदपत्रं मात्र सगळ्या नोंदणीकृत व्यापाऱ्यांनी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायची असतात. कंपनीच्या वह्या ८ वर्षं.

ग्राहकांची, रुग्णांची किंवा कर्मचाऱ्यांची वैयक्तिक माहिती असेल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा येतो. तो डेटा बाहेर नेण्यावर सरसकट बंदी घालत नाही. सरकार ठरावीक देशांवर बंधन घालू शकतं. पण पुरेशी सुरक्षा न ठेवल्यामुळे डेटा फुटला तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्यानंतर १८ महिन्यांची मुदत दिली आहे.

मोठ्या क्लाउड कंपन्यांची केंद्रं भारतात आहेत: ॲमेझॉनची मुंबई आणि हैदराबादेत, मायक्रोसॉफ्टची पुणे, मुंबई आणि चेन्नईत, गुगलची मुंबई आणि दिल्लीत. पण केंद्र भारतात आहे म्हणून तुमचा डेटा तिथेच पडतो असं नाही. तुमच्या योजनेत तो कुठे ठेवला जातो, हे लेखी विचारून घ्या.

७. एन्क्रिप्शन आहे म्हणतात. मग त्यांच्या माणसांना आमच्या फाइली दिसतात की नाही?

किल्ली कुणाकडे आहे ते बघा. फाइल नेटवरून जाताना टीएलएस आणि सर्व्हरवर ठेवताना एईएस-२५६ ही एन्क्रिप्शनची कुलपं आता जवळजवळ सगळ्यांकडे असतात. पण किल्ली त्यांच्याकडेच असेल तर तांत्रिकदृष्ट्या ते फाइल उघडू शकतात, आणि सरकारी आदेश आला तर देऊही शकतात. एंड-टू-एंड एन्क्रिप्शनमध्ये किल्ली फक्त तुमच्याकडे असते. ट्रेसोरिट आणि प्रोटॉन ड्राइव्ह तसे आहेत. क्रिप्टोमेटर हे मुक्त सॉफ्टवेअर कोणत्याही ड्राइव्हच्या वर तसं कुलूप घालतं.

त्याची किंमतही समजून घ्या. पासवर्ड आणि रिकव्हरी की दोन्ही हरवले तर जगात कुणीही फाइल परत देऊ शकत नाही. ऑनलाइन शोधणं आणि दोघांनी एकत्र लिहिणंही अवघड होतं. वकिलांच्या पक्षकारांची कागदं, रुग्णांचे अहवाल, पगारपत्रक यांना असं कुलूप लावा. दिवाळीच्या जाहिरातीच्या डिझाइनला नको.

८. पार्टीला लिंक पाठवायची तर काय काळजी घ्यावी?

"लिंक असलेला कुणीही" हा पर्याय बंद करा. लिंकला मुदत घाला. सात दिवस पुष्कळ होतात. पासवर्ड लावा आणि तो लिंकसोबत त्याच मेसेजमध्ये न पाठवता फोनवर सांगा. फक्त बघायचं असेल तर बदलण्याचा हक्क देऊ नका. आणि फोल्डर शेअर करण्याआधी त्यात आत आणखी काय आहे ते उघडून बघा. एका ऑफिसनं नकाशे पाठवायला फोल्डर उघडून दिलं, आणि त्याच्या आतल्या फोल्डरमध्ये दुसऱ्या पार्टीचे दर होते.

"फक्त बघा, डाउनलोड बंद" यावर विसंबू नका. स्क्रीनचा फोटो कुणीही काढतो.

९. टॅलीचा डेटा फोल्डर सिंकमध्ये टाकला तर इतवारी आणि कळमना, दोन्हीकडे एकच टॅली चालेल ना?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि कळवळून सांगतो, असं करू नका.

टॅलीची कंपनी म्हणजे एक फाइल नव्हे. आत बऱ्याच फाइली असतात आणि त्या एकमेकींवर अवलंबून असतात. तुम्ही एक व्हाउचर सेव्ह केलं की त्यातल्या काही एकदम बदलतात. सिंक सॉफ्टवेअरला हे माहीत नसतं. ते एक फाइल आत्ता नेतं आणि दुसरी दहा सेकंदांनी. तेवढ्यात कळमन्याच्या माणसानं दुसरं व्हाउचर टाकलेलं असतं. मग अर्ध्या फाइली इथल्या आणि अर्ध्या तिथल्या होतात, आणि कंपनी उघडताना टॅली चुका दाखवू लागतं. कधी त्याहून वाईट होतं: काहीच चूक दिसत नाही, फक्त दिवसभराच्या नोंदी गायब असतात.

योग्य वाट अशी. एका ऑफिसात बरेच जण असतील तर मल्टियूजर लायसन्स घेऊन डेटा लॅनवरच्या, म्हणजे ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवरच्या, एका मशीनवर ठेवा. दुसऱ्या जागेहून काम करायचं असेल तर टॅलीची स्वतःची रिमोट सोय वापरा, किंवा मूळ मशीनवर रिमोट डेस्कटॉपनं या, म्हणजे दुरून त्याच मशीनची स्क्रीन चालवा. मात्र रिमोट डेस्कटॉप व्हीपीएनच्या (एन्क्रिप्ट केलेल्या खासगी वाटेच्या) आतूनच, उघड्या इंटरनेटवर नको. सिंक फोल्डरमध्ये ठेवायचा तो टॅलीच्या आतून घेतलेला बॅकअप, तोही टॅली बंद करून संध्याकाळी.

हेच आउटलुकच्या पीएसटी फाइलला (यात ईमेल साठतात), ॲक्सेसच्या डेटाबेसला आणि दवाखान्याच्या बिलिंग सॉफ्टवेअरला लागू आहे. दिवसभर उघडी राहणारी डेटाबेस फाइल थेट सिंकमध्ये घालायची नाही.

१०. दोघांनी एकाच वेळी एकच एक्सेल उघडली तर कुणाची राहते?

बहुतेक सॉफ्टवेअर दोन्ही ठेवतं. एक मूळ नावानं राहते आणि दुसरीच्या नावात "कॉन्फ्लिक्ट" असा शब्द जोडला जातो. डेटा जात नाही, पण दोन्ही हातानं जुळवाव्या लागतात. महिन्यातून एकदा हा शब्द शोधून बघा, नाहीतर वर्षाअखेरीस अशा पन्नास फाइली निघतात. रोज दोघांना लागणारी शीट ब्राउझरमध्ये उघडून एकत्र लिहा, किंवा सॉफ्टवेअरमध्ये फाइल लॉक करण्याची सोय असेल तर ती वापरा.

ऑटोकॅडवाल्यांसाठी जास्तीची सूचना: ड्रॉइंगला जोडलेल्या एक्सरेफचा (दुसऱ्या ड्रॉइंग फाइलचा) पाथ रिलेटिव्ह ठेवा. "डी ड्राइव्ह, अमुक फोल्डर" असा पूर्ण पाथ असेल तर दुसऱ्याच्या मशीनवर ड्रॉइंग उघडतं, पण आतले जोडलेले भाग सापडत नाहीत.

११. मराठी नावाच्या फाइली सिंक का होत नाहीत? काहींची तर दोन-दोन फोल्डरं दिसतात.

यात तीन वेगळी कारणं मिसळतात.

पहिलं लांबीचं. लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये फाइलच्या नावाला साधारण २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीत प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा, प्रत्येक अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण, सगळ्यांना प्रत्येकी तीन. "हिंगणा प्लॉट खरेदीखत अंतिम" एवढ्याच नावाला ७२ बाइट जातात. विंडोज अक्षरं मोजतं, बाइट नाही, म्हणून तुमच्या मशीनवर नाव चालतं आणि सर्व्हरवर अडतं. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसवर (ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेल्या, फाइली साठवणाऱ्या डब्यावर) फोल्डर एन्क्रिप्ट केलं असेल तर मर्यादा आणखी खाली येते: इंग्रजीत १४३ अक्षरं. आमचा सल्ला असा: मराठी नाव खुशाल द्या, पण तीन-चार शब्दांत.

दुसरं चिन्हांचं. विंडोजवर फाइलच्या नावात तिरकी रेघ, कोलन, प्रश्नचिन्ह, फुली, उभी रेघ, दुहेरी अवतरण आणि कोनी कंस चालत नाहीत. मॅकवरून किंवा फोनवरून कुणी असं नाव दिलं की ते विंडोजवर अडकतं. तारीख तिरक्या रेघेनं न लिहिता वर्ष आधी आणि मध्ये आडवी रेघ, २०२५-०४-०१ अशी लिहा. फाइली आपोआप क्रमानं लागतात हा फायदा वेगळाच.

तिसरं विदर्भात हमखास भेटणारं. "वऱ्हाड" हा शब्द कॉम्प्युटरवर एकाहून अधिक प्रकारे टाइप होतो. कुणाच्या कीबोर्डवर ऱ हे वेगळं अक्षर असतं, तर कुणाचा साध्या र ला एक अदृश्य जोडचिन्ह लावून तीच आकृती काढतो. डोळ्यांना फरक दिसत नाही. कॉम्प्युटरसाठी ती दोन वेगळी नावं आहेत, म्हणून "वऱ्हाड शाखा" नावाची दोन फोल्डरं तयार होतात आणि अर्धी बिलं एकात, अर्धी दुसऱ्यात जातात. फोल्डरं एकाच माणसानं बनवावीत आणि बाकीच्यांनी नाव नव्यानं टाइप न करता तीच वापरावीत.

जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रं दुसऱ्या मशीनवर अगम्य दिसतात, त्यात सिंकचा दोष नाही. सिंक फाइल नेतं, फॉन्ट नेत नाही. ती पत्रं युनिकोडमध्ये बदलून घ्या.

१२. स्वतःचा सर्व्हर ऑफिसातच ठेवला तर?

ठेवता येतो, पण नागपुरात त्याच्या अटी कडक आहेत. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. नवतपाच्या दिवसांत बंद ऑफिसात, रविवारी, एसी नसताना तो डबा काय सोसतो याचा विचार करा. कूलरच्या झोतात तर ठेवूच नका; ओलसर हवा आणि धूळ दोन्ही आत जातात. यूपीएस असा हवा की लाइट गेल्यावर सर्व्हर स्वतःहून नीट बंद होईल. पावसाळ्यात वीज पडते तेव्हा विजेच्या तारेइतकाच नेटच्या तारेचाही धोका असतो.

बाहेरून पोचायला पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरून थेट गाठता येईल असा पत्ता, लागतो. पुष्कळ ब्रॉडबँड जोडण्यांवर तो मिळत नाही. स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी वेगळा मागावा लागतो. किंवा वायरगार्डसारख्या व्हीपीएननं जा. आम्हाला हेच जास्त सुरक्षित वाटतं, कारण मग सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा राहत नाही. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरनं इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे नॅसच गाठले होते. मे २०२३ मध्ये मूव्हइट या फाइल पाठवण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या एका चुकीतून जगभरातल्या मोठमोठ्या संस्थांचा डेटा गेला. अपडेट आलं की त्याच आठवड्यात लावायचं. "सीझन संपल्यावर बघू" चालत नाही.

आणि रेड, म्हणजे सर्व्हरमधल्या अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत, म्हणजे बॅकअप नव्हे. रेड फक्त एक डिस्क मेल्यावर काम चालू ठेवतो. बाकी सगळं ३ मध्ये.

१३. पहिल्यांदा १०० जीबी चढवायला किती वेळ लागेल?

अपलोडचा वेग बघा, डाउनलोडचा नाही. २० एमबीपीएस अपलोड पूर्ण मिळाला तरी साधारण ११ तास. प्रत्यक्षात जास्तच. शनिवारी रात्री लावा आणि दिवसा वेगावर मर्यादा घाला, नाहीतर ऑफिसचं ई-वे बिलही निघणार नाही.

१४. माणूस नोकरी सोडून गेला. आधी काय करू?

खातं डिलीट करू नका, आधी बंद करा. डिलीट केल्यावर त्याच्या फाइलीही जाऊ शकतात. क्रम असा: सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट, पासवर्ड बदल, ऑफिसच्या फाइली असलेल्या त्याच्या मशीनवर आणि फोनवर रिमोट वाइप (दुरूनच फाइली पुसणं), त्यानं बाहेर पाठवलेल्या लिंकची यादी काढून नको त्या बंद, फाइलींची मालकी दुसऱ्याकडे, आणि शेवटी खातं डिलीट. रिमोट वाइप त्याचं मशीन किंवा फोन पुढच्या वेळी नेटवर येईल तेव्हाच चालतो, हे धरून चाला.

१५. रॅन्समवेअर आलंच आहे. आत्ता, या मिनिटाला काय?

त्या मशीनची नेटची तार काढा, वायफाय बंद करा. मग दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून सिंकच्या ॲडमिन पानावर जाऊन सगळ्यांचं सिंक थांबवा. बॅकअपची डिस्क घाईनं लावू नका, तीही जाईल. काही पुसू नका, फोटो काढून ठेवा. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवायच्या असतात आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

१६. सिंकमधली फाइल कोर्टात पुरावा म्हणून चालेल का?

चालते, पण प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. आधी हेच जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५ब होतं. प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे तिचा डिजिटल ठसा लिहावा लागतो. मूळ फाइल कुणी उघडून नुसती सेव्ह केली तरी हा ठसा बदलू शकतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबून लहान केलं जातं, तिथेही बदलतो. म्हणून वादाची शक्यता दिसताच मूळ फाइल फक्त-वाचा अशा फोल्डरमध्ये ठेवा, तिचा हॅश त्याच दिवशी काढून ठेवा आणि पुढचं वकिलांना विचारा.

१७. ॲडमिनचा पासवर्ड एकट्या बाबांनाच माहीत होता आणि ते आता नाहीत. खातं कसं उघडायचं?

हा फोन आम्हाला एकाहून जास्त वेळा आला आहे आणि प्रत्येक वेळी घरात दुःख ताजं असतं. डोमेन फर्मच्या नावावर असेल तर डोमेनची मालकी दाखवून सेवा देणाऱ्या कंपनीकडून ॲडमिन हक्क परत मागता येतो. त्याला कागदपत्रं आणि दिवस लागतात, पण होतं. खातं वैयक्तिक जीमेलवर असेल तर मृत्यूचा दाखला घेऊन अर्ज करावा लागतो आणि डेटा मिळेलच याची खात्री नसते. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असेल आणि रिकव्हरी की सापडली नाही, तर उपाय नाही. अशा वेळी आधी घरातले जुने लॅपटॉप बघा. सिंक झालेली प्रत त्यातल्या एखाद्यावर असू शकते. तो सुरू करण्याआधी नेट बंद ठेवा, म्हणजे इतरत्र पुसलं गेलेलं त्यावरूनही पुसलं जाणार नाही.

ज्यांच्यावर ही वेळ आलेली नाही त्यांनी आजच दुसरा ॲडमिन नेमावा. रिकव्हरी कोड छापून, पाकीट बंद करून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत आणि ते कुठे आहेत हे घरातल्या एका माणसाला सांगून ठेवावं.